नानांचा घसा

आमच्या जळगावात पाहुण्याची पहिली परीक्षा ताटात होते. ठेचा खाऊन त्याने नुसतं "हं, छान आहे" म्हटलं तर तो पास. पाण्याचा तांब्या शोधायला लागला तर नापास. आणि दही मागितलं, तर त्याचं शिक्षण, नोकरी, घराणं सगळं त्या दह्यात बुडालं म्हणून समजा. एवढ्या एका कारणावरून परत पाठवलेली दोन स्थळं मला माहीत आहेत. मी स्वतः कसा पास झालो, हे विचारू नका. लग्नाच्या बोलणीत डोळ्यांना आलेलं पाणी मी "धूर फार झालाय" म्हणून पुसलं होतं, आणि चूल तेव्हा विझलेली होती.

चूल विझलेली आहे हे त्या बैठकीत एकाच माणसाच्या लक्षात आलं. माझ्या बायकोचे, सुमनचे, सख्खे काका. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं आहे, जावईबापू." त्या एका 'जावईबापू'त त्यांनी माझी जी किंमत केली, ती पुढे कधी वाढली नाही.

दुर्दैव असं की नाना नोकरीतही माझ्यावरच होते. मोटारस्टँडवर मी तिकिटांच्या दोन नंबरच्या खिडकीत, आणि माझ्या डोक्यावरच्या काचेच्या खोलीत माईकपुढे नाना. गाड्या सोडणं, लावणं, पुकारणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. घरची, मित्रांची, शिव्यांची भाषा आमच्याकडच्या लेवा बोलीच्या वळणाची. माईकची भाषा मात्र पाठ्यपुस्तकातली. दोन्हींच्या मध्ये एक आवाज यायचा, तो घशाचा.

"ख्रर्रम्! प्रवाशांनी लक्ष द्यावे. एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. प्रवाशांनी पिशव्या, टोप्या आणि मुले खिडकीतून आत टाकून जागा धरू नये. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून हात बाहेर काढू नये. हात आपला आहे, खात्याचा नाही."

शेवटचं वाक्य नानांचं स्वतःचं. ते वाक्य ऐकायला लोक गाडी चुकवत, असं नाना म्हणायचे. आवाज मात्र खरोखरच असा होता, की पलीकडच्या डाळमिलमधले हमाल त्यावर जेवणाची वेळ धरत.

नानांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिरस्कार होता. छत्री, पातळ वरण, दुपारी चष्मा लावून पेपर वाचणारे लोक, सगळ्यांत जास्त म्हणजे "थोडं तिखट कमी" म्हणणारा माणूस. एकदा पुण्याकडचे एक तपासनीस आले होते. थंडीचे दिवस, म्हणून त्यांना असोद्याच्या शेतात भरिताला नेलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसह कुटलेली, बरोबर कळण्याची भाकरी. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि नम्रपणे विचारलं, "थोडी साखर मिळेल का?"

दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कुणीतरी मेल्यावर काढतात तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर आवाज घुमला. "ख्रर्रम्! पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. गोड प्रवाशांनी पुढच्या बाकांवर बसावे." साहेब पुढच्याच बाकावर बसले. त्यांना वाटलं, मान दिला.

छातीत जळजळ होते असं एखाद्या ड्रायव्हरने म्हटलं की नाना हसायचे. "अरे, जळजळ म्हंजे जेवन पोचल्याची पावती. ज्याले जळजळ नही, त्याचं जेवन रस्त्यातच उतरलं." ते स्वतः रोज दुपारी तीन भाकरी, ठेचा आणि कँटीनची तर्रीवाली शेवभाजी खाऊन काचेच्या खोलीतल्या लाकडी बाकावर वीस मिनिटं पाठ टेकायचे. याला ते 'डेपोत लागणं' म्हणत. प्रत्येक लांबची गाडी सुटली की एक चहा. चहानंतर पेपरमिंट घातलेलं पान. घरी गेल्यावर पोटभर जेवण, आणि हात धुऊन तसंच खाटेवर. मी हे सगळं भक्तिभावाने बघायचो. मला वाटायचं, पुरुष म्हणजे असा.

सत्तर साल यायचं होतं, तेव्हाची गोष्ट. नानांचा एक 'ख्रर्रम्' होता, त्याचे दोन झाले. मग चार. मग असं झालं, की गाडी लागायच्या आधी पूर्ण मिनिटभर नुसतं खाकरणं ऐकू यायचं, आणि अनुभवी प्रवासी त्यावरच पिशव्या उचलायचे. पाठ टेकली की कोरडा खोकला. सकाळच्या पाळीला आवाज इतका बसलेला, की 'एरंडोल' म्हणजे कुणीतरी खडी ओततंय असं वाटायचं.

"घशात सरकी अडकल्यावानी वाटते," नाना म्हणायचे. "गिळली तर जात नही, खाकरली तर येत नही."

झालं! अख्खा स्टँड वैद्य झाला. आमच्याकडे पदवी नसलेल्या डॉक्टरांचं पीक केळीपेक्षा चांगलं येतं. एकाने आल्याचा रस आणला, एकाने मिऱ्यांचा काढा. पानवाल्याने पेपरमिंट दुप्पट केलं. कँटीनच्या दगडूने चहा आणखी कडक केला. दोंडाईच्याच्या गाडीवर उत्तम नावाचा ड्रायव्हर होता, त्याने तर खान्देशी वैद्यकाचा मूळ सिद्धांतच मांडला. "नाना, लाल मिरचीना रस्सा प्या. गरम गरम. बठ्ठा कफ निंघी जाई, गळा मोकळा व्हई जाई."

नानांनी रस्सा प्याला. आठवडाभर, रोज. घसा बसला आहे तर तो तिखटाने उघडेल, याबद्दल आमच्यापैकी एकालाही शंका नव्हती. पेटलेल्या घरावर आम्ही सगळे प्रेमाने रॉकेल ओतत होतो आणि एकमेकांना विचारत होतो, अजून कसं विझत नाही?

विझलं नाही तेव्हा स्टँडने रोग बदलला. टीबी हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला ते कळलं नाही. असे शब्द कुणी उच्चारत नाही, ते आपोआप पसरतात. नानांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. थुंकी दोनदा तपासली, तीही स्वच्छ. "मशीन जुनं असंल," दगडू म्हणाला. त्या माणसाने आयुष्यात स्टोव्हखेरीज दुसरं मशीन बघितलं नव्हतं. पण त्याचंच खरं धरलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून नानांचा चहा एका वेगळ्या कपातून येऊ लागला. कान तुटलेला कप. धुवायचा वेगळा, ठेवायचा वेगळा, कोनाड्यात.

नानांनी तो कप बघितला. चहा प्याले. काही बोलले नाहीत. त्यांचं काही न बोलणं हे मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

आणि जावईबापू काय करत होते? जावईबापू डबा खिडकीतच खायला लागले होते. "गर्दी फार आहे हो, नाना." दुपारी दीड वाजता दोन नंबरच्या खिडकीपुढे एक म्हातारी आणि एक शेळी एवढीच गर्दी असायची. घरी सुमन विचारायची, "नानांबरोबर जेवता ना?" मी म्हणायचो, "जेवतो की." शेळीबरोबर जेवतो, असं कसं सांगणार?

शेवटी डेपोच्या साहेबांनी नानांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण तक्रारी आल्या होत्या. होळीपर्यंत डॉक्टरचा कागद आणा, की आजार लागणारा नाही आणि आवाज परत येईल. नाहीतर कायमचं पार्सलच्या खोलीत बसा, माईक दुसऱ्याला जाईल. तोपर्यंत बदली माणूस पुकारेल. बदली माणूस सगळी गावं एका दमात म्हणायचा. एरंडोलची माणसं अमळनेरच्या गाडीत चढू लागली.

पार्सलच्या खोलीत नाना केळीच्या करंड्यांमध्ये बसत. मी एकदा पावती घ्यायला गेलो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते खरखरत्या आवाजात हळूच बोलत होते, "चाळीसगावला जाणारी गाडी... फलाट क्रमांक दोनवर..." ऐकायला करंड्या होत्या. मी तसाच मागे फिरलो.

याच सुमारास त्यांचे दात ठणकू लागले. गार पाणी लागलं की टाळूपर्यंत कळ. जळगावात दातवाल्याकडे गेलं तर तासाभरात स्टँडला कळणार, म्हणून नानांनी धुळं गाठायचं ठरवलं, आणि बरोबर मला घेतलं. "तू चल. तू खिडकीत असला काय अन् नसला काय, सारखंच."

धुळ्याचे दातांचे डॉक्टर म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी छोटा आरसा नानांच्या तोंडात घातला, वरचे दात मागच्या बाजूने बराच वेळ बघितले आणि विचारलं, "लिंबं चोखता का?"

"मी काय गरोदर आहे?"

"दात पुढून चांगले आहेत. मागून विरघळलेत. रात्री जेवून किती वेळाने आडवे होता?"

"हात वाळला की."

"सकाळी तोंड आंबट असतं? वाकलं की घशाशी पाणी येतं? आवाज सकाळी जास्त बसतो? खोकला आडवं झालं की?"

नाना एकेकाला मान हलवत होते. कुणीतरी त्यांच्या घरात राहून गेल्यासारखा तो माणूस बोलत होता.

"मग हे तुमच्या पोटातलं आम्ल आहे," डॉक्टर म्हणाले. "अन्ननळीच्या खालचं झाकण ढिलं झालं, की जे खाली राहायचं ते वर येतं. छातीत आलं की जळजळ. पण त्याच्याही वर येतं ते. घशात आलं की आवाज घेऊन जातं, श्वासाच्या वाटेवर आलं की खोकला, तोंडात आलं की दात. रोग एकच, राहतो पोटात आणि उपद्रव देतो शेजाऱ्यांना."

त्यांनी आम्हाला माडीवरच्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नानांना चुन्यासारखं पांढरं औषध पाजून, टेबलावर उताणं निजवून फोटो काढला. औषध वर येताना दिसलं. कागद मिळाला. छाती निरोगी, टीबी नाही, आम्लपित्त घशापर्यंत येतं. तिखट, चहा, पान, पेपरमिंट वर्ज्य. सूर्य मावळायच्या आत जेवण. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. आवाज दोनेक महिन्यांत सुधारेल.

मी आनंदाने उडालोच. नाना मात्र परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत कागदाची घडी घालत आणि उलगडत होते. मग म्हणाले, "हे कोनाले सांगायचं नही."

"अहो नाना, टीबी नाही हे सांगायलाच हवं!"

"टीबी म्हनू दे. टीबीनं मेलो तर लोक म्हनतील, वाघ होता, रोगानं खाल्ला. दही खाऊन जगलो तर रोज हासतील. मी किती लोकायले हासलो, तुले माहीत नही?" त्यांनी कागदाची घडी माझ्या खिशात कोंबली. "घरात ठेवला तर तुझी काकू गावभर दाखवीन. तुझ्याजवळ ठेव. तुले तसंही कोनी काही विचारत नही."

टीबी चालेल, पण तिखट पचत नाही हे चालणार नाही! जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या गावात माणूस एवढी मोठी चूक एवढ्या अभिमानाने करील असं मला वाटत नाही.

पथ्य मात्र नानांनी घरात गुपचूप, शिस्तीत पाळलं. विटा लावल्या. "गाडी चढावर उभी करायची म्हंटल्यावर चाकाले दगड लावाच लागतो," म्हणाले. काकू सुमनला सांगायची, "सकाळी बघावं तर घसरून पायथ्याशी गोळा झालेले असतात." दिवस मावळायच्या आत जेवतात म्हटल्यावर शेजारचे मारवाडी जैन शेठजी हरखून म्हणाले, "नाना, आप तो हमारे में आ गये!" नाना म्हणाले, "शेठ, मी नही आलो. माझा घसा आला."

स्टँडवर निराळं नाटक. डब्याचं झाकण उभं धरून आडोसा करायचा, आत दहीभात. झाकणाच्या पुढे मात्र एक लांबलचक हिरवी मिरची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मध्येच तिचं देठ कट्‌कन मोडायचं. मग इकडेतिकडे बघून मिरची सदऱ्याच्या खिशात. काकू त्याच मिरच्या दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकायची. रोजच्या एका मिरचीने नानांची अब्रू राखली.

खोकला कमी होत गेला, आवाजातली खडी बारीक झाली. पण होळी चार दिवसांवर आली आणि कागद माझ्या ट्रंकेतच. नाना मागत नव्हते, मी काढत नव्हतो. माईक जाणार हे आता नक्की होतं.

आणि एक दिवस मी डबा विसरलो. सुमन तो घेऊन स्टँडवर आली. कँटीनमध्ये दगडूने तिला चहा विचारला. तिची नजर कोनाड्यात गेली.

"हा कप कुणाचा?"

दगडू घुटमळला. "नानांचा. म्हंजे... वेगळा ठेवलाय, ताई."

"यातच दे."

"ताई, त्यात नको..."

"यातच दे म्हटलं ना."

सगळ्यांसमोर उभं राहून तिने कान तुटलेल्या कपातून चहा प्याला. शेवटच्या घोटापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. मी दोन नंबरच्या खिडकीत, भाकरीची वाट बघत. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही रोज नानांबरोबर जेवता ना?"

मी धैर्याने कागद साहेबांना दिला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण ते नाही. त्या संध्याकाळी घरी जाण्यापेक्षा साहेबांकडे जाणं सोपं होतं.

साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. दार उघडं होतं. 'तिखट वर्ज्य' हे शब्द कँटीनपर्यंत पोचायला गाडीला स्टार्टर मारायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "नानाले मिरची चालत नही!" उत्तम ड्रायव्हर पोट धरून हसला. ज्यांनी तीन महिने कप वेगळा ठेवला, त्यांना एवढं हसता आलं याचं मला आजही नवल वाटतं. दगडूने तो कप घासला आणि बाकीच्या कपांत मिसळून ठेवला. आमच्याकडे यालाच माफी म्हणतात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी नाना माईकपुढे बसले. मी खिडकीत श्वास रोखून. 'ख्रर्रम्' आलंच नाही. सरळ आवाज आला, थोडा जाड, पण तोच.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. तसेच, खिडकी क्रमांक दोनवरील कारकुनांनी दुसऱ्याचे कागद वाटण्याऐवजी प्रवाशांना तिकिटे वाटावीत."

पुढे निवृत्त होईपर्यंत, दीड वर्ष, नाना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जे काय बोलले ते माईकवरून. माझा चहा, माझी डुलकी, माझा केसांचा भांग, सगळं जळगाव तालुक्याने ऐकलं. सुमन म्हणायची, "आवाज किती मोकळा झालाय ना नानांचा!" झाला होता खरा. मीच मोकळा केला होता, आणि तो माझ्यावरच वापरला जात होता.

शेवटचे नाना मला दिसले ते धुळ्याच्या स्टँडवर. तोपर्यंत माझी बदली तिकडे झाली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. नाना दातांच्या डॉक्टरांकडे येऊन परत निघालेले. बाकावर बसून डबा उघडत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. भोंग्यावरचा मरगळलेला पुकारा ऐकून ते स्वतःशीच म्हणाले, "ह्याले कोनी भाकरी देत नही काय?" मग बाजूला सरकले. ती जागा माझ्यासाठी होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

डब्यात दहीभात. झाकणावर हिरवी मिरची.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ती माझ्यापुढे धरली. "घे. खा. लोक बघून राह्यले."

मी मिरची चावली. इतक्या वर्षांनी नानांच्या हातून मिळालेली, कशी सोडणार? डोळ्यांना धारा लागल्या, धुराचं नाव घ्यायचीही सोय नव्हती. आणि घशातून आपोआप आवाज आला, "ख्रम्."

नाना दहीभाताचा घास हातात धरून थांबले.

"कधीपासून?"

"काय, नाना?"

त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "हे."

"दिवाळीपासून," मी म्हणालो. हे मी सुमनलाही सांगितलेलं नव्हतं.

"सकाळी तोंड आंबट?"

मी मान हलवली. नानांनी माझ्या हातातली उरलेली अर्धी मिरची काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. कुणाला सांगतो म्हणाले नाहीत, हसलेही नाहीत. जळगावची गाडी लागली तसे उठले, डबा पिशवीत घातला, चढले. त्यानंतर वर्षभरातच ते गेले. ती आमची शेवटची भेट.

गाडी सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला दोन बोटं दाखवली. दोन विटा. मला कळलं हे त्यांनाही कळलं असावं, तरी गाडी फाटकातून वळेपर्यंत तो हात आत गेला नाही. आणि उभ्या जन्मात माईकवरून लोकांना काय सांगितलं होतं या माणसाने!